तिच्या गळ्यातला तारा आणि आपली जपमाळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती. कुमसार ऐकून मी नुकताच बंगल्यावर परतलो होतो, आणि रविवारच्या प्रवचनाचे टिपण अर्धेच झाले होते. अशा वेळी अमेरिकेतून फोन आला. माझ्या एका पूर्वीच्या धर्मग्रामातील ही मुलगी. पहिला ख्रिस्तप्रसाद तिने माझ्या हातून स्वीकारला, तिचे लग्नही मीच लावले. आता ती नवऱ्यासह अमेरिकेच्या दक्षिण भागात राहते आणि तिचा मुलगा तेथील सरकारी शाळेत शिकतो.

"फादर, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मुलाच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे आईवडील विक्का धर्माचे आहेत. ती गळ्यात पाच टोकांचा तारा घालून येते. शाळेने तो काढायला लावावा म्हणून पालकांनी अर्ज केलाय. इथल्या चर्चमधल्या सगळ्या बायकांनी सह्या केल्यात. आता तो माझ्याकडे आलाय. काय करू?"

मी फारसा विचार केला नाही. "सही करून टाक," मी म्हणालो. "चेटूक-बिटूक मुलांच्या आसपास नको."

तिने सही केली. चार-पाच महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता. "ती मुलगी शाळा सोडून गेली, फादर. डबा खायच्या सुट्टीत तिच्या शेजारी कोणी बसेनासं झालं होतं. माझा मुलगा मला विचारतो, मम्मी, तिने काय केलं होतं? मी त्याला काय सांगू?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे. ते मी केवळ त्या बाईला देत नाही, सर्वच वाचकांना देतो आहे. कारण त्या संध्याकाळी मी जे बोललो, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर सहज आले असते.

विक्का म्हणजे नेमके काय, हे मी तेव्हा स्वतःला विचारलेच नव्हते. मराठीत या पंथाविषयी बोलू लागताच पहिली अडचण शब्दाची येते. त्याचे अनेक अनुयायी स्वतःला इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात, त्याचे भाषांतर आपण 'चेटकीण' असे करतो. आणि तो शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे स्मशान, लिंबू, टाचण्या आणि करणी उभी राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. इंग्लंडमध्ये चेटूकविषयक जुना कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर नावाच्या एका निवृत्त ब्रिटिश जकात अधिकाऱ्याने पुस्तक लिहून हा पंथ लोकांपुढे आणला. पुढे तो अमेरिकेत पोहोचला. निसर्ग पवित्र आहे, ईश्वरी तत्त्व देव व देवी अशा दोन्ही रूपांत प्रकट होते, अशी त्याची साधारण धारणा. वर्षाचे आठ सण. ते सूर्याच्या गतीशी व ऋतूंशी बांधलेले. कोणालाही इजा होणार नाही अशा रीतीने वागावे, हे त्यांच्या नीतीचे मुख्य सूत्र. सैतानाला त्यांच्या श्रद्धेत स्थानच नाही. सैतान ही आपल्या धर्मपरंपरेतील संकल्पना आहे. त्या ताऱ्याची पाच टोके म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आत्मा, असा अर्थ ते सांगतात. ज्या चिन्हाविरुद्ध मी सही करायला सांगितली, त्याचा अर्थ समजून घ्यायला मला एक तासही लागला नसता.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवतो, म्हणजे कोणाचा गैरसमज होणार नाही. मी कॅथलिक धर्मगुरू आहे आणि विक्काची शिकवण मला मान्य नाही. सृष्टी आणि स्रष्टा यांत फरक आहे, आणि उपासना केवळ स्रष्ट्याचीच करावी, हा माझा विश्वास आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील २११६ व २११७ हे परिच्छेद भविष्यकथन आणि जादूविद्या यांना स्पष्ट नकार देतात, आणि त्यातील एक अक्षरही मी खोडू इच्छित नाही. परंतु त्याच ग्रंथात, त्याच पहिल्या आज्ञेच्या विवेचनात, अवघी काही पाने आधी २१०४ ते २१०९ हे परिच्छेद आहेत. धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे ते सांगतात. आपण पुढची पाने पाठ करतो आणि आधीची चाळून टाकतो. एकाच आज्ञेचा अर्धा भाग पाळून आपण आज्ञाधारक ठरत नाही.

यावर जुन्या वळणाचे कॅथलिक एक वचन पुढे करतात: असत्याला अधिकार नसतात. विधान वरवर बिनतोड वाटते. पण अधिकार सत्याला नसतात आणि असत्यालाही नसतात. ते माणसाला असतात. मत चुकीचे असू शकते, ते मत बाळगणारा मनुष्य मात्र देवाच्या प्रतिरूपात घडलेला असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला तो याच पायावर. परिषदेत त्यावर वर्षानुवर्षे घनघोर चर्चा झाली, आणि अखेरच्या मतदानात २३०८ जणांनी बाजूने व ७० जणांनी विरोधात कौल दिला. जो सत्याचा शोध घेण्याचे कर्तव्य पाळत नाही, त्याचाही हा अधिकार नष्ट होत नाही, इतक्या टोकापर्यंत हा जाहीरनामा जातो. त्याचा पाचवा परिच्छेद तर थेट आपल्या विषयाला भिडतो: आपल्या मुलांना कोणते धर्मशिक्षण द्यावे हे ठरवण्याचा हक्क मातापित्यांचा आहे, आणि त्यांच्या श्रद्धेशी विसंगत शिक्षण मुलांवर लादले तर त्या हक्काचा भंग होतो. तेथे 'कॅथलिक मातापिता' असे म्हटलेले नाही. नुसते मातापिता म्हटले आहे.

सेमिनरीत हा जाहीरनामा आम्हाला शिकवला होता. लेखी परीक्षेत मला त्यात चांगले गुण मिळाले होते. फोनवरच्या परीक्षेत मी नापास झालो.

आता दुसरा आक्षेप. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या देशात शाळेनेही ख्रिस्ती वळण जपले, तर बिघडले कुठे? हा प्रश्न विचारणाऱ्या कॅथलिकाने अमेरिकेतील आपल्याच पूर्वजांचा इतिहास वाचलेला नसतो. एकोणिसाव्या शतकात तेथील सरकारी शाळांत 'ख्रिस्ती वळण' म्हणजे प्रॉटेस्टंट वळण होते, आणि त्याचा मार बसत होता तो गरीब आयरिश व जर्मन कॅथलिक मुलांना. फिलाडेल्फियाचे महागुरुस्वामी फ्रान्सिस केन्रिक यांनी १८४२ साली शाळामंडळाला नम्र विनंती केली की, कॅथलिक मुलांना त्यांच्या स्वतःच्या बायबलचे भाषांतर वाचू द्यावे आणि इतर धर्मशिक्षणाची सक्ती त्यांच्यावर करू नये. त्या विनंतीची अफवा झाली: कॅथलिक लोक शाळेतून बायबल हाकलून देणार! १८४४ च्या मे महिन्यात शहरात दंगली पेटल्या, माणसे मेली, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चेस जमावाने जाळून टाकली.

बोस्टनच्या एलियट शाळेत १८५९ साली दहा-अकरा वर्षांच्या एका कॅथलिक मुलाने दहा आज्ञांचा प्रॉटेस्टंट पाठ म्हणण्यास नकार दिला. आपल्या आणि त्यांच्या आज्ञांच्या क्रमात व शब्दांत फरक आहे हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या पोराच्या हातांवर शिक्षकाने सुमारे अर्धा तास वेताच्या छडीचे वार केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि शिक्षक निर्दोष सुटला. त्याच्यासारखाच नकार देणाऱ्या शेकडो कॅथलिक मुलांना शाळेतून घालवून देण्यात आले. त्या मुलाच्या सुजलेल्या हातांतून अमेरिकेतील कॅथलिक शाळांच्या चळवळीला बळ मिळाले, असे आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच देशात आज दुसऱ्या एखाद्या मुलीच्या गळ्याकडे कोणाचा हात जातो, तेव्हा तो हात आपला असावा काय?

हा केवळ जुना इतिहास नाही. टेक्सस राज्यातील सांता फे येथील शाळेत फुटबॉलच्या सामन्यांपूर्वी ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना होत असे. तिच्याविरुद्ध दोन कुटुंबे न्यायालयात गेली: एक मॉर्मन आणि दुसरे कॅथलिक. त्रास होऊ नये म्हणून न्यायालयाने त्यांची नावे गुप्त ठेवू दिली. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ख्रिस्ती प्रार्थनेविरुद्ध कॅथलिक कुटुंब न्यायालयात का गेले असेल? कारण त्यांना कळले होते की, बहुसंख्याकांच्या हाती सोपवलेली प्रार्थना आज ना उद्या अल्पसंख्याकाला त्याची जागा दाखवून देते.

आणखी एक जोडी पाहा. मिशिगन राज्यातील एका शाळेने १९९८ साली टोळ्या व पंथ यांच्यावर बंदी घालताना पाच टोकांच्या ताऱ्यालाही बंदी केली. एका हुशार विद्यार्थिनीने त्याविरुद्ध दावा लावला, आणि १९९९ साली शाळेला तडजोड करून आपला नियम बदलावा लागला. त्याच्या केवळ दोन वर्षे आधी, १९९७ साली, टेक्सस राज्यात दोन विद्यार्थ्यांना सदऱ्याबाहेर जपमाळ घालण्यास शाळेने मनाई केली होती. कारण काय, तर जपमाळ हे गुंडांच्या टोळीचे चिन्ह आहे! तेही न्यायालयात गेले आणि जिंकले. पवित्र मरियेची जपमाळ टोळीचे चिन्ह ठरवणारा अधिकारी आणि तारा टोळीचे चिन्ह ठरवणारा अधिकारी, या दोघांचा तर्क एकच होता. जे चिन्ह आपल्याला समजत नाही, ते धोकादायक आहे. एका अधिकाऱ्याचा निषेध करायचा आणि दुसऱ्याच्या अर्जावर सही करायची, हे आपल्याला कसे जमते?

विक्का हा खरा धर्मच नव्हे, असे म्हणून काही जण सुटका करून घेऊ पाहतात. तो नवा आहे, गेल्या शतकातील आहे, त्याला ना ग्रंथ ना परंपरा. हा युक्तिवादही आपल्याला शोभत नाही. आपण नवे होतो तेव्हा रोमनांनी आपल्यालाही घातक नवी अंधश्रद्धा म्हटले होते. ख्रिस्तप्रसादाविषयी अर्धवट ऐकून हे लोक नरमांस खातात, अशी आवई उठवली होती. विक्का हा राज्यघटनेच्या दृष्टीने धर्मच आहे, असे अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने १९८६ सालीच मान्य केले. अफगाणिस्तानात २००५ साली कामी आलेल्या एका विक्का सैनिकाच्या पत्नीने पतीच्या स्मृतिफलकावर हे चिन्ह असावे म्हणून झुंज दिली, इतर कुटुंबेही न्यायालयात गेली, आणि २००७ साली सरकारने सैनिकी कबरींसाठीच्या मान्यताप्राप्त चिन्हांत त्या ताऱ्याचा समावेश केला. देशासाठी मेलेल्या सैनिकाच्या दगडावर जे चिन्ह शोभते, ते जिवंत मुलीच्या गळ्यात का शोभू नये?

तिसरा आक्षेप सर्वांत मायाळू, आणि म्हणूनच सर्वांत घातक. मोठ्यांनी काय हवे ते मानावे, पण त्या निष्पाप लेकरांचा काय दोष? त्यांना या भलत्या श्रद्धेपासून वाचवायला नको काय?

इंडियाना राज्यातील एका न्यायाधीशाला हेच वाटले. विक्का मानणाऱ्या एका दांपत्याचा घटस्फोट मंजूर करताना २००४ साली त्याने निकालपत्रात अशी अट घातली की, दोघांनीही आपल्या मुलाला रूढ प्रवाहाबाहेरच्या श्रद्धा व विधी यांपासून दूर ठेवावे. आईने ही अट मागितली नव्हती, बापानेही नाही. उलट दोघांचाही तिला विरोध होता. आपल्याला अंतर्मुख करणारी गोष्ट पुढे आहे. तो मुलगा कॅथलिक शाळेत शिकत होता. घरची शिकवण आणि शाळेची शिकवण यांतील अंतराने मुलगा गोंधळेल, अशी चिंता न्यायालयापुढील अहवालात व्यक्त झाली होती. म्हणजे आपल्या शाळेचे नाव त्या मातापित्यांच्या विरोधात पुराव्यासारखे उभे राहिले. विश्वासाने त्यांनी मूल आपल्या दारात आणून सोडले होते. २००५ साली राज्याच्या अपील न्यायालयाने ती अट रद्द केली, हे बरे झाले.

या बाबतीत ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आणि ख्रिस्तसभेचे जुने आचरण या दोन्ही गोष्टी आपण प्रामाणिकपणे पाहिल्या पाहिजेत. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्रश्न घेतला होता: यहुदी व इतर अख्रिस्ती लोकांच्या मुलांना मातापित्यांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार द्यावा काय? त्यांचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. विचारशक्ती येईपर्यंत मूल मातापित्यांच्या छत्राखाली असते, आणि ते छत्र हिरावणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. त्या मुलाच्या आत्म्याच्या तारणाची चिंता संत थॉमस यांना आपल्याहून कमी होती, असे कोणी म्हणणार नाही. तरीही १८५८ साली बोलोन्या शहरात, जे तेव्हा पोपमहोदयांच्या राज्यात होते, एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या यहुदी मुलाला पोलिसांनी आईवडिलांच्या घरातून उचलून नेले. तो आजारी असताना घरच्या मोलकरणीने गुपचूप त्याला स्नानसंस्कार दिला होता, एवढेच कारण. आईबापांनी जंग जंग पछाडले. मूल परत मिळाले नाही. पुढे तो धर्मगुरू झाला, हे सांगून काही जण त्या कृत्याचे समर्थन करतात. मला त्या समर्थनाची लाज वाटते. देवाचे राज्य कोणाच्या आईच्या कुशीतून मूल ओढून वाढत नाही.

आणि शाळेतून 'वाचवण्याचा' मार्ग प्रत्यक्षात कसा असतो? मिशिगनमध्येच २००१ साली विक्का मानणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलीने आपले जीवन संपवले. आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असते, हे धर्मगुरू म्हणून मी जाणतो, आणि कोणावर आरोप करण्याचा मला अधिकार नाही. परंतु तिला वर्गात सतत चिडवले जात असे, आणि तिच्याभोवती ख्रिस्ती गीते म्हणून तिची टवाळी केली जात असे, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. प्रभूच्या नावाचे गीत एखाद्या पोरीला दगडासारखे फेकून मारता येते, ही कल्पनाच मला प्रार्थनेत अनेकदा अस्वस्थ करून गेली आहे.

ओक्लाहोमातील प्रकरण हास्यास्पद वाटले असते, जर ते एका मुलीच्या जिवाशी खेळणारे नसते. शिक्षक आजारी पडला आणि तो हिच्या मंत्रामुळेच, असा ठपका ठेवून १९९९ साली शाळेने आपल्या मुलीला काही दिवस शाळेबाहेर काढले, अशी तक्रार एका कुटुंबाने २००० साली न्यायालयात मांडली. विचार करा: मंत्राने माणूस आजारी पडतो असा ज्याचा विश्वास आहे, तोच मंत्र घातल्याची शिक्षा देऊ शकतो. मग अंधश्रद्ध कोण? आपल्याकडील पाड्यांवर बाईला भुताळी ठरवणारा भगत आणि तो शाळाधिकारी यांत फरक केवळ टायचा. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याचे आपण स्वागत केले. फोनवर मी 'चेटूक' हा शब्द उच्चारला तेव्हा तो कायदा मला आठवायला हवा होता.

मला फादर फ्रीड्रिख श्पे यांचीही आठवण व्हायला हवी होती. सतराव्या शतकातील हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू आणि कवी. चेटकिणी ठरवलेल्या स्त्रियांना मृत्यूपूर्वी आध्यात्मिक आधार देणे त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांच्या कबुल्या ऐकून श्पे यांची खात्री पटली की, या स्त्रियांना दोषी ठरवले आहे ते छळाने, सत्याने नव्हे. १६३१ साली त्यांनी या खटल्यांविरुद्ध लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. तोही निनावी, कारण नाव घातले असते तर पुढचा संशयित तेच ठरले असते. अंगावर त्याच संघाचा झगा, पण लेखणी अन्यायाविरुद्ध. चार शतकांपूर्वी मृत्यूच्या सावलीत त्यांनी जे धैर्य दाखवले, त्याचा शतांशही मला त्या शनिवारी माझ्या सुरक्षित खुर्चीत दाखवता आला नाही.

वाचकहो, कोणी म्हणेल की, फादर, हे सारे अमेरिकेतले. आपल्याला काय त्याचे? आपली माणसे तेथे आहेत, हे पहिले उत्तर. येथे आपण अल्पसंख्य. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोकसंख्या २.३ टक्के आहे. विमानातून तेथे उतरताच आपण बहुसंख्याकांत मोडतो. येथे ज्या हक्कासाठी आपण घटनेकडे बोट दाखवतो, तोच हक्क तेथे दुसऱ्याला नाकारण्याच्या अर्जावर आपण सही करतो. एकाच मनुष्याच्या दोन देशांतल्या दोन विवेकबुद्धी असू शकत नाहीत.

दुसरे उत्तर आपल्या दारातले आहे. आपल्या शाळांत बहुसंख्य मुले अन्य धर्मांची असतात. भारतीय राज्यघटनेचे कलम ३० आपल्याला शाळा चालवण्याचा अधिकार देते, आणि कलम २८ सांगते की मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतील कोणाही मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. १९८५ साली केरळमधील तीन भावंडांना राष्ट्रगीत गायले नाही म्हणून शाळेतून काढले होते. ती मुले यहोवाच्या साक्षीदार पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. त्या पंथाची शिकवण आपल्याला मान्य आहे काय? मुळीच नाही. तरी त्या तीन भावंडांनी मिळवलेल्या निर्णयाच्या सावलीत आज आपलीही मुले उभी आहेत. भारतीय कॅथलिक बिशप्स परिषदेने २०२४ साली कॅथलिक शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत इतर धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. शाळेचा व्यवस्थापक म्हणून ते परिपत्रक माझ्या टेबलावर आले. मी त्यावर 'वाचले' अशी नोंद करून सही केली. सह्या करणे सोपे असते, हे मी दोनदा अनुभवले आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील शेत आपल्या सर्वांना परिचित आहे. गव्हात निदण उगवले तेव्हा चाकर ते उपटायला उतावीळ झाले होते, आणि धन्याने त्यांना थांबवले. निदण उपटताना गहूही उपटला जाईल म्हणून. कापणी चाकरांच्या हाती नव्हती. अर्जावर सह्या गोळा करणाऱ्या त्या बायका, त्यांना सही देणारी माझी धर्मकन्या आणि तिला सही करायला सांगणारा मी, आम्ही सारे कापणीआधीच शेतात उतरलो होतो. त्या मुलीचा धर्म निदण होता की आणखी काही, हे देव जाणे. पण आम्ही जे उपटले ते आमच्याच मुलाच्या मनातले गव्हाचे रोप होते. शेजारच्या बाकावरच्या मुलीवर प्रेम करावे, असे त्याला आपणच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले होते.

तेव्हा, पोरी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मुलाला खरे ते सांग. तिने काहीही केले नव्हते. चूक आपली होती. सही तुझ्या आईने केली, आणि ती करायला फादरनी सांगितले, असे सांग. शक्य असेल तर त्या घरचा पत्ता शोध आणि त्याला बरोबर घेऊन जा. क्षमा मागताना तिचा तारा काढायला सांगू नकोस, आणि तुझ्या गळ्यातला क्रूसही लपवू नकोस. आणि पुढच्या वेळी असा कागद समोर आला, तर मला फोन करण्याआधी एवढेच कर: त्यातला 'तारा' हा शब्द खोड, त्या जागी 'जपमाळ' लिही, आणि मग सही करवते का ते पाहा.